साडेतीनशेचा आकडा : रोप-बुकिंग साईटच्या लोड टेस्टच्या नोंदी

१५ एप्रिल २०२५, मंगळवार, जळगाव

काम हातात घेतलं : लोड टेस्ट, म्हणजे साईटवर खोटी गर्दी सोडून तिला किती झेपते ते बघायचं. यावल-रावेर पट्ट्यातली एक शेतकरी संस्था आहे, नाव इथे लिहीत नाही. मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीसाठी, टिश्यू कल्चर केळीरोपांची शेवटची खेप ५ मेला सकाळी १० वाजता ऑनलाइन बुकिंगला खुली होणार. सभासद ६,०००. रोपं सगळ्यांना पुरणार नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे १० वाजून १ मिनिटाला कोण काय करत असेल हे सांगायला ज्योतिषी नको. मागच्या कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतरच्या लागवडीच्या) बुकिंगला साईट गपगार पडली होती आणि माणसं गाड्या काढून थेट संस्थेच्या ऑफिसात आली होती. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांचा प्रश्न एकच : "किती माणसं एकदम झेपतील, तेवढा आकडा सांगा."

साईट पीएचपी भाषेत, डेटाबेस मायएसक्यूएल, पुढे पानं वाटणारं अपाची. सर्वर ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातलं टी३-मीडियम मशीन : २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), ४ जीबी मेमरी. ही मांडणी आधीच्या माणसाची, मला आयती मिळालेली.

टेस्टआधी कागदावर हिशेब. पहिल्या १० मिनिटांत २,००० माणसं येतील असं धरलं. म्हणजे सेकंदाला ३.३३. प्रत्येक जण साधारण ३ मिनिटं थांबेल आणि ६ पानं उघडेल. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ : ३.३३ × १८० = ६००. इतके लोक कोणत्याही क्षणी साईटवर. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा साधा नियम, बँकेच्या रांगेला लागतो तसाच इथेही. सुरुवातीची झुंबड दुप्पट धरली तर १,२००. दर ३० सेकंदांना एक पान, म्हणजे १,२०० माणसांची सेकंदाला ४० पानं. हे लक्ष्य. १०० पैकी ९५ जणांना ३ सेकंदांच्या आत पान दिसलं पाहिजे. ज्या वेळेच्या आत ९५ जणांना पान दिसतं, त्या वेळेला पुढे पी-९५ म्हणतो.

१६ एप्रिल, बुधवार

पहिली टेस्ट. ऑफिसचा ८ जीबीचा लॅपटॉप, जेमीटर (आभासी माणसं साईटवर सोडणारा प्रोग्रॅम), वायफाय. जेमीटर खिडकीतच उघडलं, कारण आलेख हलताना बघायला बरं वाटतं.

३०० माणसांपर्यंत पी-९५ १.२ सेकंद. ३५० ला ४ सेकंद. ४५० ला ९. ५०० ला जेमीटरच मेमरी संपल्याचं सांगून आडवं झालं. दोनदा चालवलं, दोन्ही वेळा तेच.

संध्याकाळी आप्पांना फोन केला : "साईट साडेतीनशेला बसते." आप्पा म्हणाले, "मग मोठं मशीन घ्यावं लागेल. शनिवारी मीटिंग आहे, ठराव करून टाकतो." मी हो म्हणालो.

१७ एप्रिल, गुरुवार

अमळनेरचा दादा आमच्यात सगळ्यात जुना. चहा घेता घेता त्याने कालचे आकडे बघितले आणि विचारलं, त्या वेळी सर्वरचा सीपीयू किती होता? मी बघितलंच नव्हतं. काढून बघितलं तर १२ टक्के. साईट "बसली" त्या क्षणी सर्वर ८८ टक्के रिकामा.

"भो, हाऊ आकडा सर्वरना नही, तुना लॅपटॉपना शे. सर्वर ते जपेल शे." अहिराणीत जपेल म्हणजे झोपलेला.

लॅपटॉपकडे बघितलं. सीपीयू १०० टक्के, पंखा गिरणीसारखा. जेमीटर प्रत्येक आभासी माणसासाठी एक वेगळा थ्रेड (कामाचा धागा) चालवतं. त्याला दिलेली जावाची मेमरी ठरल्याप्रमाणे १ जीबी, आणि मी वर "सगळी उत्तरं झाडासारखी दाखव" हा लिसनर (निकाल दाखवणारा भाग) चालू ठेवलेला. म्हणजे आलेलं प्रत्येक पान मेमरीत साठत होतं. जेमीटर सुरू करतानाच काळ्या पडद्यावर सूचना येते की खिडकीत लोड टेस्ट करू नका, ती फक्त स्क्रिप्ट जुळवायला आहे. ती सूचना मी गेली चार वर्षं न वाचता पुढे जातोय.

शिवाय वेळ मोजणारंही हेच मशीन. सर्वरचं उत्तर वेळेत आलं, पण ते उचलायला थ्रेडला पाळी मिळाली नाही, तर तो उशीर सर्वरच्या नावावर चढतो. दुकानात डबा काट्यावर ठेवून आधी धडा करतात, मग तेल मोजतात. मी धडा न करताच डब्यासकट वजन आप्पांना सांगितलं.

खिडकीशिवाय चालवलं, मेमरी ४ जीबी दिली, लिसनर काढले. ३५० ला पी-९५ ०.९ सेकंद. ५०० पण सहज. ५४० च्या पुढे मात्र वेळ पुन्हा वाढू लागला. या वेळी लॅपटॉपचा सीपीयू ४० टक्के आणि सर्वरचा २०. दोघंही मोकळे, मग अडलं कुठे?

आप्पांना अजून सांगितलेलं नाही. शनिवारच्या आत सांगायला हवं.

१८ एप्रिल, शुक्रवार

अडलं वायरीत.

कालपासून वायफाय सोडून केबलवर आलो होतो, कारण वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो आणि शेजारच्या चार ऑफिसांची वायफाय त्याच चॅनलवर आहेत. केबलवर आकडे स्थिर झाले, पण एका रेषेवर अडकले : सेकंदाला ११.५ एमबी. एका पानाचं वजन चित्रांसकट ६४० केबी. ११.५ भागिले ०.६४ म्हणजे सेकंदाला १८ पानं. दर ३० सेकंदांना एक पान, म्हणजे ५४० माणसं. कालचा आकडा बरोबर इथेच येऊन बसतो.

पण आमचं कनेक्शन २०० मेगाबिटचं आहे, म्हणजे ८ बिटला १ बाइट या हिशेबाने सेकंदाला २५ एमबी. ११.५ म्हणजे ९२ मेगाबिट. हा आकडा दिसला की शंका एकच : कुठेतरी १०० मेगाबिटचा तुकडा आहे. इथटूल या लिनक्सच्या आज्ञेने विचारलं, लॅपटॉपने वेग १०० सांगितला. राउटरचं पोर्ट गिगाबिट, लॅपटॉपचंही गिगाबिट. केबल काढून टोक बघितलं तर आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. दोनच मिळाल्या तर यंत्रं निमूटपणे १०० वर तडजोड करतात, कुणाला सांगत नाहीत. ही केबल बहुधा पूर्वी कॅमेऱ्याला होती.

३० रुपयांची पॅच कॉर्ड आणली. २३.५ एमबी, सेकंदाला ३७ पानं. छत आता १,१०० माणसांवर.

लक्ष्य सेकंदाला ४० पानांचं, म्हणजे २५.६ एमबी, म्हणजे २०५ मेगाबिट. आमच्या नळातून ते येणारच नाही, सर्वर कितीही दणकट असला तरी. खऱ्या दिवशी हे ओझं १,२०० फोनांवर आणि तितक्याच वेगळ्या वाटांवर विभागलेलं असेल. मी ते सगळं एका नळीतून ओढतोय.

आप्पांना फोन केला. साडेतीनशेचा आकडा चुकला, मशीनचा ठराव थांबवा. आप्पा थोडं थांबून म्हणाले, "मग खरा किती?" मी म्हणालो, आठ दिवस द्या. आवाजावरून खूश वाटले नाहीत. विषयपत्रिका छापून झाली होती.

१९ एप्रिल, शनिवार

१,००० माणसांवर नवीनच चुका : "पत्ता देता येत नाही." सर्वरपर्यंत विनंती पोचतच नव्हती, लॅपटॉपलाच बाहेर पडायला दार उरलं नव्हतं.

लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना ३२७६८ ते ६०९९९ मधला पोर्ट (जोडणीचा क्रमांक, केबलचं भोक नव्हे) देतं, म्हणजे २८,२३२ पोर्ट. जो आधी जोडणी तोडतो त्याच्याकडे तो पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो. एकाच सर्वरच्या एकाच पोर्टाकडे जायचं तर २८,२३२ भागिले ६०, सेकंदाला ४७० नव्या जोडण्या. माझ्या स्क्रिप्टमध्ये कीप-अलाइव्ह (तीच जोडणी पुढच्या फाइलींसाठी उघडी ठेवणं) बंद होतं आणि प्रत्येक फाइलनंतर जोडणी मीच तोडत होतो. एका पानाला १५ फाइली. १,००० माणसं म्हणजे सेकंदाला ३३ पानं, ५०० जोडण्या. संपले पोर्ट.

त्याच्या आधी १०२४ फाइलींची मर्यादा आडवी आली होती, कारण लिनक्सच्या दृष्टीने प्रत्येक जोडणी ही उघडी फाइल. ती एका ओळीत वाढवून झाली.

पोर्टांचं कोडं सुटेपर्यंत राउटरने मान टाकली. बिचाऱ्याच्या छोट्या मेमरीत आत-बाहेरच्या प्रत्येक जोडणीची नोंद असते. ती वही भरली की नवीन कुणालाच दार उघडत नाही. खालच्या मजल्यावरचे करसल्लागार आमच्याच राउटरवर आहेत. आज १९ तारीख, उद्या जीएसटीचा ३बी भरायची शेवटची तारीख. ते वर आले तेव्हा हातात चष्मा आणि चेहऱ्यावर काय होतं ते लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत टेस्ट बंद. त्यांना भजी पाठवली.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी २ वाजता टेस्ट. सकाळी ८ ला याच टेस्टचा पी-९५ १.४ सेकंद होता, आता ३.१. सर्वरचा सीपीयू दोन्ही वेळा सारखा. स्क्रिप्ट तीच, माणसं तेवढीच.

बाहेर जळगावचा एप्रिल. कूलर दमट हवा फेकतोय. लॅपटॉपचं तापमान ९७ अंश, प्रोसेसरचा वेग ३.४ गिगाहर्ट्झवरून १.३ वर उतरलेला. चिप तापली की स्वतःला वाचवायला हळू होते, दुपारच्या बैलासारखी. एचटीटीपीएसच्या प्रत्येक नव्या जोडणीला गुप्त चाव्यांची देवाणघेवाण करावी लागते आणि ती सगळी गणितं याच तापलेल्या डोक्याने करायची. मधेच लाइट गेली. इन्व्हर्टर राउटरला आहे, लॅपटॉप बॅटरीवर गेला, तर वीज वाचवायला त्याने वेग आणखी उतरवला.

पुण्या-बंगळुरूच्या एसीत बसून लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत "टेस्ट सकाळी ९ च्या आत घ्या" असं वाचल्याचं आठवत नाही. भुसावळ-जळगावच्या माणसाने पहिल्या पानावर लिहावं.

लॅपटॉपवरून टेस्ट करणं इथे संपलं.

२४ एप्रिल, गुरुवार

काल मुंबई केंद्रातच दोन मशीनं तासाच्या भाड्याने घेतली. एका मशीनला ४७० जोडण्यांची मर्यादा आहेच, म्हणून दोन. नवी कोरी टी३-मीडियम, आणि पैसे वाचवायला क्रेडिटचा "स्टँडर्ड" प्रकार निवडला.

पहिल्या मिनिटापासून दोन्ही लंगडत होती. हेही माझंच कर्म. टी३ ही मशीनं पूर्ण ताकदीची नसतात. मीडियमची कायमची ताकद प्रत्येक व्हीसीपीयूला २० टक्के, आणि वरचं सगळं साठवलेल्या क्रेडिटवर. एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण चालला की एक क्रेडिट खर्च. तासाला २४ जमा होतात, जास्तीत जास्त ५७६ साठतात. स्टँडर्डमध्ये नव्या टी३ चं खातं शून्यावरून सुरू होतं. "अनलिमिटेड" केलं तर आधी उधार मिळतं आणि नंतर बिल येतं. तसं केलं, मशीनं पळायला लागली.

मग लक्षात आलं की साईटचा सर्वरसुद्धा स्टँडर्डवरच आहे. म्हणजे आम्ही दिवसभर टेस्ट मारून त्याचं खातं रिकामं करत होतो आणि संध्याकाळचे आकडे सकाळपेक्षा वाईट येत होते. ५ मेला सकाळी खातं भरलेलं असेल. दोन्ही व्हीसीपीयू पूर्ण चालले तर मिनिटाला २ खर्च, ०.४ जमा. ५७६ भागिले १.६, म्हणजे ३६० मिनिटं. सहा तास पुरेल. नोंद : ४ मेला दिवसभर कुणीही टेस्ट चालवायची नाही. दादाने हे फळ्यावर लाल खडूने लिहिलं.

आजचा निकाल : १,२०० माणसं, पी-९५ ०.८ सेकंद. सर्वरचा सीपीयू ५५ टक्के. गोड आकडा. इतका गोड की दादा गप्प बसला. तो गप्प बसला की मला काळजी वाटते.

२५ एप्रिल, शुक्रवार

दादाचा मुद्दा : टेस्टची मशीनं आणि सर्वर एकाच शहरात, कदाचित एकाच इमारतीत. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, १ मिलिसेकंदाच्या आत. शेतकरी तिथे राहत नाही.

जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद तरी लागणारच. आमच्या ऑफिसातून प्रत्यक्षात १८ लागतात. मोबाइलवर किती, हे बघायला उद्या जायचं.

एका पानाला किती फेऱ्या होतात ते मोजलं. जोडणीची एक, तिला कुलूप लावणाऱ्या टीएलएस १.३ ची एक. मग विनंती गेली की सर्वर पहिल्या झटक्यात १० पाकिटं (डेटाचे तुकडे) पाठवतो, म्हणजे साधारण १४,६०० बाइट. पोच मिळाली की पुढच्या झटक्यात दुप्पट. ४० केबीचं पान त्यामुळे दोन झटक्यांत. एकूण ४ फेऱ्या. १ मिलिसेकंदाच्या पिंगला ४ मिलिसेकंद, पण समजा मळ्यात पिंग २४० निघालं तर जवळजवळ १ सेकंद, आणि यात चित्रं अजून आलीच नाहीत.

याच वेळी आणखी दोन चुका सापडल्या. जेमीटर स्वतःहून गझिप (दाबून लहान केलेलं पान) मागत नाही, ब्राउझर मागतो. गझिप केल्यावर ४० केबीचं पान ९ केबी होतं आणि एका झटक्यात बसतं. दुसरं, खरा फोन दुसऱ्या पानापासून चित्रं कॅशमधून, म्हणजे स्वतःच्या साठ्यातून, दाखवतो. मी इतके दिवस प्रत्येक पानाला चित्रं नव्याने ओढत होतो. म्हणजे १८ तारखेचा २०५ मेगाबिटचा हिशेबही फुगलेला होता. या दोन्हींसाठी जेमीटरचे हेडर आणि कॅश मॅनेजर जोडले. कीप-अलाइव्ह चालू केलं, ब्राउझर ठेवतो तसं.

२६ एप्रिल, शनिवार, फैजपूर-सावदा

दादाच्या मोटरसायकलवर तापी ओलांडून गेलो. दोन फोन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम. सकाळी १० ते ११, कारण बुकिंग १० ला. फैजपूरच्या चौकात पिंग ६०, सावद्यात ७५. तिथून आतल्या मळ्यात, केळीच्या बागेत शिरलो तर २४०, आणि १०० पैकी ३ पाकिटं गहाळ. चांगली वाढलेली केळीची बाग म्हणजे पाण्याने भरलेल्या पानांची भिंत, रेडिओलहरींना ती आवडत नाही. बागवान म्हणाला, फोन लावायचा असला की आम्ही पंपघराच्या छतावर जातो. गेलो. पिंग ११०.

पण १० वाजता सगळे पंपघरावर नसतील.

पिंग आणि गहाळ पाकिटं या दोन आकड्यांवरून एका जोडणीचा वेग ढोबळ काढता येतो. १९९७ मधलं मॅथिस आणि सहकाऱ्यांचं सूत्र : पाकिटाचा आकार भागिले फेरीचा वेळ, गुणिले १.२२, भागिले गहाळ प्रमाणाचं वर्गमूळ. १,४६० बाइट, ०.२४ सेकंद, ०.०३. उत्तर सेकंदाला ४३ केबी. फोनवर फोरजीच्या किती काड्या दिसतात याचा इथे संबंध नाही. ब्राउझर सहा जोडण्या समांतर उघडतो, तरी पहिलं पान चित्रांसकट उतरायला ४ ते ५ सेकंद. दोन्ही फोनांवर घड्याळ लावून बघितलं, तेवढेच आले.

सावद्याला शेवभाजी खाल्ली. तिखटाने दादाच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात आणखी एक भाकरी.

२८ एप्रिल, सोमवार

सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर.

लिनक्सच्या नेटएमने खोटा उशीर आणि खोटी गळती लावता येते. आधी टेस्टच्या मशीनवर लावली. निकाल तरीही बरा आला. अर्धा तास खूश होतो. मग कळलं की नेटएम फक्त बाहेर जाणाऱ्या पाकिटांना लागतं. टेस्टच्या मशीनवरून बाहेर जातात त्या बहुतेक पोचपावत्या. एखादी पोचपावती हरवली तर पुढची तिची भरपाई करते, टीसीपीला (पाकिटं पोचवण्याच्या नियमांना) फारसं काही वाटत नाही. गळती खऱ्या मालाच्या वाटेवर हवी, म्हणजे सर्वरच्या बाहेर पडण्याच्या दारावर. तिथे लावली, आणि माझं स्वतःचं एसएसएचही (सर्वरवर दुरून काम करायची जोडणी) त्याच गळतीत सापडलं. अक्षरं दोन-दोन सेकंदांनी उमटत होती.

मग टेस्ट. ६०० माणसं, सरासरी वेग, झुंबड धरलेली नाही. तीन मिनिटांत साईट ठप्प. पी-९५ ३० सेकंदांच्या पुढे.

सर्वरचा सीपीयू १८ टक्के.

१७ तारखेला हेच चित्र होतं : साईट मेलेली, सर्वर झोपलेला. तेव्हा त्याचा अर्थ "दोष लॅपटॉपचा" असा निघाला, म्हणून आजही मी तासभर टेस्टची मशीनंच उलटीपालटी करत बसलो. सीपीयू, मेमरी, पोर्ट, क्रेडिट सगळं मोकळं. शेवटी दादाने सर्वरवर अपाचीची स्थिती उघडली. १५० पैकी १५० खुर्च्या, म्हणजे एका वेळी सांभाळता येणाऱ्या जोडण्या, भरलेल्या. बहुतेक खुर्च्यांवरची माणसं काहीच करत नव्हती, नुसती बसली होती.

आधीच्या माणसाने अपाची प्रीफोर्क पद्धतीने ठेवलंय, उबुंटू लिनक्समध्ये येते ती १५० ची मर्यादा तशीच. या पद्धतीत एका जोडणीला एक पूर्ण प्रोसेस (चालू प्रोग्रॅमची स्वतंत्र प्रत). जोडणी माल देत असो वा कीप-अलाइव्हचे ५ सेकंद नुसती उघडी असो, प्रोसेस अडकलेली. एक फोन ६ जोडण्या उघडतो. म्हणजे २५ फोन एकदम आले की खुर्च्या संपल्या!

परत लिटलचाच नियम, या वेळी खुर्च्यांसाठी, पहिल्या पानापुरता. मुंबईतल्या वेगवान जाळ्यावर चित्रं क्षणात उतरतात, जोडणी साधारण ५ सेकंद अडते : ३.३३ × ६ × ५ = १००. १५० च्या आत. मळ्यातल्या फोनला उतरायचे ५ आणि रिकामे ५ : ३.३३ × ६ × १० = २००. बाहेर. मशीन तेच, माणसं तेवढीच. फक्त जाळं मंद झालं आणि सर्वरची क्षमता घसरली. २४ तारखेच्या गोड आकड्यात तर कीप-अलाइव्हच बंद होतं, त्यामुळे खुर्च्या लगेच रिकाम्या होत होत्या.

मागच्या कांदेबागेला काय झालं असेल तेही यात आलं. आणि आप्पांनी १९ तारखेला मोठ्या मशीनचा ठराव केला असता तर? चौपट भाडं, आणि खुर्च्या १५०. मर्यादा वाढवावी म्हटलं तर एक प्रोसेस ४०-४५ एमबी खाते, १५० लाच ६ जीबी होतात आणि मशीन ४ जीबीचं. म्हणजे सगळ्या प्रोसेस खरंच कामाला लागल्या असत्या तर आधी मेमरीच संपली असती.

२९ एप्रिल, मंगळवार

दुरुस्त्या. पुढे एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्वर उभा केला. त्याला रिकामी जोडणी सांभाळायला वेगळी प्रोसेस लागत नाही, हजारो धरून ठेवतं आणि पीएचपीला फक्त खऱ्या कामाला हाक मारतं. पीएचपीच्या प्रोसेस ४० वर मर्यादित. चित्रं लहान करून वेबपी या हलक्या प्रकारात, पान ६४० वरून १८० केबी. रोपांच्या फोटोत पूर्वी घडातली केळी मोजता येत होती, आता येत नाहीत. आप्पांना चालतंय.

मळ्याच्या जाळ्यावर १,२०० माणसं : पी-९५ २.२ सेकंद. १,७०० वर साईट खरोखर दमली. या वेळी डेटाबेसमध्ये, शिल्लक रोपांचा आकडा एकाच ओळीत आहे आणि सगळे त्याच ओळीवर कुलूप लावायला रांगेत. हा अखेर सर्वरचा स्वतःचा आकडा.

एक खबरदारी लिहून ठेवतो. जेमीटरचा आभासी माणूस उत्तर येईपर्यंत थांबतो, म्हणून सर्वर अडला की टेस्टसुद्धा आपोआप हळू होते आणि सगळ्यात वाईट क्षणाचे नमुने कमी पडतात. गिल टेने यांनी या फसगतीला नाव दिलंय, कोऑर्डिनेटेड ओमिशन. म्हणून शेवटची फेरी ठरलेल्या वेगाने माणसं सोडून घेतली. पी-९५ २.२ चा २.७ झाला. आप्पांना २.७ सांगितला.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी (अक्षय्य तृतीया). सुट्टी. आमरस आणि मांडे.

५ मे, सोमवार

बुकिंग. ९ पासून संस्थेच्या ऑफिसात. पहिल्या मिनिटात ५१० माणसं, मी दुपटीच्या हिशेबाने ४०० धरली होती. दहा मिनिटांत १,६४०, धरली होती २,०००. म्हणजे झुंबड अपेक्षेपेक्षा टोकदार, एकूण कमी. पी-९५ २.६ सेकंद. सर्वरचा सीपीयू ६१ टक्क्यांच्या वर गेला नाही. १०:४० ला रोपं संपली.

तरी १०:०४ ला ऑफिसातले तिन्ही फोन वाजायला लागले. ओटीपीचे मेसेज तीन-चार मिनिटं उशिरा येत होते. लोक "पुन्हा पाठवा" दाबत होते, त्यामुळे रांग आणखी लांबत होती, आणि जुना ओटीपी आला तोवर नव्याने तो रद्द केलेला. टेस्टमध्ये मी ओटीपीच्या जागी १२३४ टाकून पुढे गेलो होतो, १६ तारखेपासून शेवटपर्यंत.

६ मे, मंगळवार

आप्पांना अहवाल पाठवला. पहिल्याच ओळीत : १६ एप्रिलचा ३५० हा आकडा आमच्या लॅपटॉपचा होता, साईटचा नव्हे. दुसऱ्या ओळीत ओटीपीची चूक. दुपारी फोन आला. मशीनच्या ठरावाचे पैसे वाचले, त्याबद्दल एक शब्द नाही. "कांदेबागेला ओटीपीचं बघा," म्हणाले. "आणि ते करसल्लागार माझे मेव्हणे लागतात."

बाकी काम : मेसेज पाठवणाऱ्या सेवेला विचारायचं, मिनिटाला किती मेसेज जातात. "पुन्हा पाठवा" बटण ९० सेकंद बंद ठेवायचं. शिल्लक रोपांची एक ओळ तालुकावार फोडायची. चार तारांची ती केबल अजून ड्रॉवरमध्येच आहे, तिच्यावर चिठ्ठी लावायची.